पांदण रस्त्यावरची हलकी घोडागाडी

नागपूरच्या आसपास हौसेने हाकायची दोन चाकी घोडागाडी करायची म्हटलं, की बोलणं घोड्यापासूनच सुरू होतं. किती इंची घ्यायचा, सारंगखेड्याच्या बाजारातून आणायचा की माळेगावच्या जत्रेतून, मारवाडी बरा की काठियावाडी. गाडीचं काय, एखादा जुना टांगा मिळाला तर रंगवून घेऊ, असा हिशेब असतो. आम्ही हे काम उलट्या क्रमाने केलं. आधी रस्ते पाहिले, मग चाकं करून घेतली, मग घोड्याच्या दोन बाजूंच्या दांड्या आणि बैठक, मग साज. घोड्याला गाडी दाखवली ती सगळ्यात शेवटी.

या क्रमाला कारण आहे. दोन चाकी गाडी घोड्याकडून दोन कामं करून घेते. एक ओढण्याचं. दुसरं, गाडीचा पुढचा भार दांड्यांतून पाठीवर झेलण्याचं. ओढणं घोडा राजीखुशीने करतो. पाठीवरचा भार मात्र पावलापावलाला हिंदकळत बसतो, खोगीराखालची कातडी सोलून काढतो आणि चांगल्या घोड्याला चिडका करतो. तो भार किती असेल हे घोडा ठरवत नाही. चाकाची उंची, आसाची जागा, बैठकीचं अंतर आणि दांडीचा बाक यांवर तो ठरतो. गाडी हलकी करणं त्या मानाने सोपं आहे, तिचा तोल साधणं कठीण.

जुना टांगा या कामाला का चालत नाही, तेही इथेच कळतं. टांग्यात बैठका पाठीला पाठ लावून असतात. मागे सवारी भरली की तोल बरोबर येतो, कारण ती गाडी भाड्यासाठीच बनलेली आहे. पण हाकणारा एकटाच पुढे बसला तर त्याचं सगळं वजन आसाच्या पुढे पडतं आणि तेवढ्या प्रमाणात घोड्याच्या पाठीवर चढतं. लग्नाच्या बग्ग्यांचा तर विचारच नको. लोखंडी अँगल, पत्रा आणि फायबरचा डोलारा मिळून वजन एवढं होतं, की मुरमाच्या चढावर एका घोड्याचा जीव निघावा. शिवाय चार चाकी गाडीला वळायला जागा लागते. पांदणीत, म्हणजे वावरांमधल्या अरुंद गाडीवाटेत, समोरून ट्रॅक्टर आला तर चार चाकी गाडी मागे घेणं म्हणजे फार मोठं संकट.

हलक्या गाडीची नजर विदर्भात अजून आहे, ती शंकरपटामुळे, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतींमुळे. बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी कायम ठेवला. पट भरतात तिथे पटाची छकडी, म्हणजे शर्यतीची हलकी गाडी लागते, आणि छकडी बांधणारे वाढई, म्हणजे सुतार, गावोगाव सापडतात. रेंगी आणि दमणी या बसून जायच्या हलक्या बैलगाड्याही याच भागातल्या, आता क्वचित दिसणाऱ्या. ज्या वाढयाने पटाची छकडी केली आहे त्याला पुढे दोन बैलांऐवजी एक घोडा आहे एवढंच समजावून सांगावं लागतं. जोखडाची एक दांडी जाऊन घोड्याच्या दोन बाजूंना दोन दांड्या येतात. बाकी लाकडाची पारख त्याची त्याला असते.

रस्त्यांचं आधी सांगतो. नागपूरच्या पश्चिमेला, काटोल रस्त्याने फेटरीच्या पुढे, कळमेश्वर, धापेवाडा, आदासा या बाजूला किंवा हिंगण्यापलीकडे मोहगाव झिल्पीच्या तलावाकडे जावं तर खाली दख्खनचा काळा पाषाण, वर काळी माती आणि मधूनमधून मुरूम. मुरमाची पांदण घोड्यासाठी उत्तम. खुराला पकड मिळते आणि पायाला दणका बसत नाही. काळ्या मातीची पांदण पावसाळ्यात बंदच समजायची. माती चाकाला चिकटून तुंब्यापर्यंत, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यापर्यंत चढते आणि ओढायचं वजन कैक पटीने वाढतं. दिवाळीनंतर ती वाळते, पण मग बैलगाड्या आणि ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या टणक होऊन बसतात. उन्हाळ्यात त्याच जमिनीला भेगा पडतात. वावराच्या कडेने उडत्या चालीने, म्हणजे दुडकत नेताना खूर भेगेत अडकला तर पाय मोडू शकतो. म्हणून हौसेचा खरा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा.

रस्ते पाहताना सोबत फक्त एक टेप ठेवा. ज्या पांदणींवरून जायचं त्यांच्या चाकोऱ्यांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि तेच अंतर आपल्या दोन चाकांत ठेवायला वाढयाला सांगा. हे जुळलं नाही तर एक चाक चाकोरीत आणि दुसरं मधल्या उंचवट्यावर चालतं, गाडी सतत एका बाजूला कलते आणि त्या बाजूची दांडी घोड्याच्या खांद्याला घासते. हे दुखणं पुढे साजाचं वाटतं, असतं मात्र चाकांच्या अंतराचं. शहरातल्या सिमेंटच्या रस्त्यांवर घोडा पळवायचाच नाही. तिथे चालीनेच न्यायचं, शक्यतो गाडी आणि घोडा वेगवेगळ्या वाहनांतून गावाबाहेर नेऊन तिथे जोडायचं.

आता चाक. आमच्या कामात सर्वांत जास्त वेळ याने घेतला आणि तो लागलाच पाहिजे.

चाकाचा व्यास सव्वाचार फूट धरला. मोठं चाक खड्ड्यावरून सहज निघतं, लहान चाक खड्ड्यात उतरतं. पण चाक फार मोठं केलं तर बैठक उंच होते आणि वळणावर गाडी उलटायची भीती वाढते. चौदा आरे आणि घेराचे सात लाकडी तुकडे, म्हणजे पाटे. प्रत्येक पाट्यात दोन आरे बसतात. तुंबा बाभळीचा, कारण बाभळीचं लाकूड आरे ठोकताना चिरत नाही. आरे तिवसाचे, पाटे पुन्हा बाभळीचे. साग नागपुरात हवा तसा मिळतो आणि वाढई तो सुचवतोही. साग वाकत नाही, किडत नाही, पण दणका सोसायला बाभूळ-तिवसाची सर त्याला नाही. साग बैठकीला वापरावा. दांड्यांना धावडा उत्तम, तो चिवट आहे, लवतो आणि मोडत नाही. मिळाला तर धावडाच घ्या.

चाक कोणत्या महिन्यात करायचं याला फार महत्त्व आहे. नागपूरचा एप्रिल-मे लाकडातला शेवटचा ओलावा काढून घेतो. चाकं त्याच दिवसांत करून घ्यावीत. तेव्हा घट्ट बसलेला सांधा पावसाळ्यात फुगून आणखी घट्ट होतो आणि पुढच्या उन्हाळ्यात मूळ मापावर येतो. भाद्रपदात केलेलं चाक मात्र पुढच्या मे महिन्यात खुळखुळायला लागतं. जुने गाडीवान उन्हाळ्यात चाकं नाल्याच्या पाण्यात उभी करून ठेवायचे ते याचसाठी. त्याने चाक तेवढ्यापुरतं घट्ट होतं, वाळलं की पुन्हा सैल, आणि दर वेळी फुगून-आटून सांध्याच्या कडा चुरतात. तो कायमचा इलाज नव्हे.

आरे तुंब्यात अगदी सरळ उभे बसवत नाहीत. त्यांना बाहेरच्या बाजूला किंचित कल देतात, त्यामुळे चाक उथळ परातीसारखं दिसतं. चालताना घोड्याचं अंग डावी-उजवीकडे झुलतं आणि तो आडवा धक्का चाकावर येतो. सपाट चाक त्या धक्क्याने आतबाहेर डगमगतं, कल दिलेलं चाक तो कमानीसारखा झेलतं. मग आसाची टोकंही थोडी खाली वाकवावी लागतात, म्हणजे जमिनीला टेकलेला आरा प्रत्येक क्षणी उभा राहतो. एखादा वाढई हे वाकवणं टाळून सरळ दांडा टाकू पाहतो. ते मान्य करू नका. सरळ आसावर कललेलं चाक लावलं तर खालचा आरा तिरपा उभा राहतो, आणि वर्षभरात तुंब्यातली भोकं लांबट होतात.

धाव, म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, चढवण्याचं काम पाहण्यासारखं आहे आणि त्यात अंदाजाला जागा नाही. लोहार आधी चाकाच्या बाहेरचा घेर मोजतो, एका लहान मापचाकावर खडूने खूण करून ते कडेने फिरवत नेतो. मग लोखंडी पट्टीचा आतला घेर त्यापेक्षा अर्धा ते पाऊण इंच कमी ठेवून ती जोडतो. किती कमी, हे पाट्यांच्या सांध्यांत किती फट आहे त्यावर. आपल्या चाकाचा घेर साधारण ४ मीटर. लोखंड ५०० अंशांनी तापलं की एवढी पट्टी साधारण २४ मिलिमीटर, म्हणजे जवळपास एक इंच वाढते. म्हणजे पाऊण इंच कमी धरली तरी लाल पट्टी चाकावर उतरते, आणि उतरवायला मात्र मिनिटभरच मिळतं. तिघं चिमटे धरतात, एक घण मारतो, लाकडातून धूर निघाला की लगेच पाणी ओततात. पाणी सगळीकडून सारखं पडलं पाहिजे. एका बाजूने आधी थंड झालेली धाव चाक वाकडं करते.

धाव आवळत जाते तसे पाट्यांचे सांधे कट्‌कट् आवाज करत मिटतात. म्हणून आधी सांध्यांत थोडी फट ठेवलेली असावी लागते. फट नसेल तर पाटे एकमेकांना भिडून अडतात, धाव वरून घट्ट दिसते पण आऱ्यांवर दाब पोचतच नाही. फट जास्त असेल तर सगळा दाब आऱ्यांवर येऊन चाक जास्तच कलतं. गार झाल्यावर लहान हातोडीने एकेक आरा वाजवून पाहायचा. घट्ट आरा खणखणतो, सैल आरा बद्द वाजतो. एक जरी बद्द वाजला तरी चाक घेऊन घरी यायचं नाही.

धावेवर पन्हाळी ठोकून त्यात भरीव रबर बसवून घेतलं. डांबरी रस्त्यावर आवाज कमी होतो आणि धक्काही कमी लागतो. हवेची चाकं त्याहून मऊ चालतात, बेअरिंगसह तयार मिळतात, आणि कुणी तीच लावली तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण आमच्याकडच्या पांदणी दोन्ही बाजूंनी बाभळींच्या आहेत. बाभळीचा वाळका काटा कुठलंही टायर सोडत नाही, आणि घोडा जोडलेला असताना वावरात पंक्चर काढत बसणं धोक्याचं आहे.

आस पोलादी चौकोनी सळईचा, टोकांना टेपर बेअरिंग. आसावर दोन्ही बाजूंना पाच-पाच पानांचे कमानपाटे, म्हणजे लोखंडी स्प्रिंगा, त्यांवर बैठक. इथे एक बारीक गोष्ट मोलाची आहे. दांड्या बैठकीला घट्ट बांधल्या तर घोडा उडत्या चालीने निघाला की त्याच्या पाठीचं वरखाली होणं दांडीतून थेट बसणाऱ्याच्या कंबरेत येतं. दांड्या आसाला धरून ठेवायच्या आणि बैठक कमानपाट्यांवर वेगळी ठेवायची. दांडी आणि बैठक यांचा संबंध फक्त पुढे एका लवत्या चामडी पट्ट्याने ठेवला की हेलकावा पुष्कळ कमी होतो.

दांडीचं टोक घोड्याच्या खांद्याच्या हाडापर्यंत यावं, त्यापुढे नको. पुढे गेलेलं टोक वळताना लगामात अडकतं. दोन दांड्यांमध्ये घोड्याच्या दोन्ही अंगांना चार-चार बोटं मोकळी राहावीत.

आता तोल. घोडा न जोडता तो मोजता येतो, आणि मोजलाच पाहिजे. शेडच्या पाइपला धान्याच्या दुकानात असतो तसा लटकता काटा अडकवला. दोन्ही दांड्यांवर, खोगीर जिथे येणार नेमक्या त्या जागी, आडवा बांबू बांधला आणि तो काट्याच्या आकड्यात धरला. दांड्या सपाटीला आल्या की दोघं जण बैठकीवर चढले. काटा १४ किलोवर गेला. म्हणजे एवढं ओझं घोड्याच्या पाठीवर. बैठक मागे सरकवायची सोय आधीच ठेवली होती, दोन पट्ट्या आणि प्रत्येकीत एकेक इंचावर भोकं. आसापासून खोगीरापर्यंत १.८ मीटर अंतर असेल तर सत्तर-सत्तर किलोची दोन माणसं १० सेंटिमीटर मागे सरकली की काट्यावरचं वजन जवळपास ८ किलोंनी उतरतं. बैठक चार भोकं मागे नेली, काटा ६ वर आला. तिथेच पक्की केली.

शून्य का नको, असं कुणी विचारेल. चढावर गाडीचं वजन आसाच्या मागे झुकतं. वजनाचा मध्य आसाच्या अर्धा मीटर वर असेल आणि चढ वीस फुटांना एक फूट असेल, तर दांडीवरचा भार साडेतीन-चार किलोंनी कमी होतो. सपाटीला शून्य असेल तर चढावर दांड्या वर उचलल्या जातात, पोटाखालचा पट्टा पोटात रुततो आणि घोडा थांबतो. थांबलेल्या घोड्याला चाबूक मारणारे पुष्कळ भेटतील. त्यांनी एकदा त्याच्या पोटाखाली हात घालून पाहावं. उतारावर नेमकं उलटं होतं, भार तेवढाच वाढतो. म्हणून सपाटीला ५-६ किलो ठेवलं की आमच्याकडच्या चढ-उतारांवर तो साधारण २ ते १० किलोंत राहतो. एकटं जायचं असेल तर बैठकीचं भोक बदलायचं आणि पुन्हा काटा पाहायचा. तिसरा माणूस आला तरी तेच. एकदा भोकं ठरली की त्यांच्यावर रंगाने खुणा करून ठेवा.

साज नवा, चामड्याचाच घ्यावा असं काही नाही. रुंद नायलॉनच्या पट्ट्यांना आतून नमदा लावून केलेला साज धुता येतो आणि घामाने कडक होत नाही. चामड्याचा घेतला तर दर महिन्याला तेल द्यावंच लागतं, नागपूरच्या उन्हाळ्यात तर पंधरा दिवसांनी.

हलक्या गाडीला मानेभोवतीच्या जाड कंठ्याची गरज नाही, छातीपट्टा पुरतो. तो खांद्याच्या टोकाच्या वर आणि श्वासनळीच्या खाली बसला पाहिजे. खाली गेला तर खांद्याची हालचाल अडते, वर गेला तर गळा आवळतो. छातीपट्टा वापरला तर गाडीला ओढपट्टे थेट हुकात अडकवायचे नाहीत. मध्ये आडवी झुलती दांडी हवी. चालताना घोड्याचे खांदे आळीपाळीने पुढे-मागे होतात, झुलती दांडी त्यांच्याबरोबर हलते. ती नसेल तर पट्टा जागेवर राहतो आणि खांदा त्याखाली घासत राहतो. छातीवर केस उडालेले, दोन्ही बाजूंना सारखे चट्टे असलेला घोडा दिसला की त्याच्या गाडीला झुलती दांडी नाही असं खुशाल समजावं.

दोन चाकी गाडीला ब्रेक असला तरी उतारावर गाडी धरते ती पुठ्ठ्यावरून, म्हणजे घोड्याच्या मांड्यांच्या मागून गेलेल्या पट्ट्याने. हा पट्टा शेपटीच्या मुळापासून वीतभर खाली असावा. फार खाली घसरला तर मागचे पाय उचलून नेईल. ओढपट्टे ताणलेले असताना पुठ्ठा आणि पट्टा यांत हाताचा पंजा सरकेल एवढी जागा राहावी. दुमचीखाली, म्हणजे शेपटीखालून जाणाऱ्या पट्ट्याखाली, एकही केस दुमडलेला राहू द्यायचा नाही, शेपटीचे सगळे केस पट्ट्यातून बाहेर ओढून घ्यायचे. लाथा मारणाऱ्या घोड्यांपैकी किती तरी नुसत्या या एका गोष्टीने शिकलेले असतात. तोंडातली कडी गुळगुळीत, साधी. काटेरी किंवा टोकं असलेली कडी आणि साज वापरायला १९६५ च्या ओढकामाच्या जनावरांच्या नियमांनी मनाई आहेच, नसती तरी तोंड फाटलेल्या घोड्याचा काही उपयोग नाही.

घोड्याबद्दल थोडक्यात. ५४ ते ५८ इंची, चार-पाच वर्षांपुढचा, अंगाने आखूड, खूर काळे आणि टणक. दात पशुवैद्याला दाखवूनच घ्या, विकणाऱ्याने सांगितलेलं वय धरू नका. ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झाल्याशिवाय बाहेरून आणलेला घोडा तबेल्यात घेऊ नका. या रोगाची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडून होते आणि पशुसंवर्धन खात्यामार्फत नमुने पाठवता येतात. धनुर्वाताची लस आधी, बाकी सगळं नंतर. वरातीत काम केलेला घोडा स्वस्तात मिळतो. त्याला बँड आणि फटाक्यांची सवय असते ही जमेची बाजू. पण नाचायला शिकवलेला घोडा लगामाच्या जराशा ओढीने जागेवर थयथयाट करतो, आणि ती सवय मोडायला नवा घोडा शिकवण्याइतकाच वेळ लागतो.

शिकवण्याची पायरी चुकवता येत नाही. आधी नुसता साज चढवून फिरवणं. मग सहा-सात मीटरचे लांब लगाम लावून मागून चालत हाकणं, ‘चल’, ‘थांब’, ‘मागे’ एवढे तीन शब्द पक्के होईपर्यंत. झापडं लावल्यावर त्याला मागचं दिसत नाही, फक्त ऐकू येतं, म्हणून आवाजाची ओळख झापडं नसताना आधी करून द्यायची. मग ओढपट्ट्यांना मोटारसायकलचं जुनं टायर बांधून मऊ वावरात ओढवणं, दोर असा की एका झटक्यात सुटेल. टायरच्या खरखरीला तो कान टवकारेनासा झाला की कारचं टायर. त्यानंतर दोन लांब बांबू दांड्यांच्या जागी बांधून वळवणं. ही पायरी पुष्कळ जण गाळतात आणि घोडा नेमका इथेच बिथरतो. सरळ जाताना दांडी अंगाला लागत नाही. वळताना ती एका कुशीवर दाबते, आणि ज्याला हे माहीत नाही तो घोडा त्या दाबापासून पळायला जातो. बांबूंच्या दाबाला तो शांतपणे बाजूला सरकायला शिकला, की गाडीत त्याला नवं काही वाटत नाही.

पहिल्यांदा गाडी जोडायची ती नांगरलेल्या वावरात, जरा चढाच्या तोंडाशी, म्हणजे गाडी मागून त्याच्यावर लोटत नाही. डोक्याशी दोन माणसं, गाडी रिकामी. घोडा गाडीकडे मागे न्यायचा नाही, घोडा उभा ठेवून गाडी त्याच्याकडे आणायची. जोडण्याचा क्रम: दांड्या खोगीराच्या कड्यांत, मग ओढपट्टे, मग पुठ्ठ्याचा पट्टा, शेवटी पोटपट्टा. सोडताना बरोबर उलट. हाकणारा लगाम हातात घेऊनच आधी चढतो आणि सगळ्यात शेवटी उतरतो. एक नियम जन्मभर पाळायचा: घोडा दांड्यांत असेपर्यंत तोंडावरचा साज काढायचा नाही, पाणी पाजायलासुद्धा नाही. झापडं निघाली आणि मागे आपल्याला चिकटलेली गाडी अचानक दिसली तर अत्यंत गरीब घोडाही उधळतो, आणि त्या वेळी धरायला हातात काहीच उरलेलं नसतं.

रस्त्यावर काढल्यावर पहिला आणि शेवटचा किलोमीटर चालीने. मधे ताशी १२-१३ किलोमीटरची उडती चाल, चढाला आणि काळ्या मातीला पुन्हा चाल. संत्र्याच्या बागांकडे फडफडणारा मल्चिंगचा कागद, वाळत टाकलेली ताडपत्री, गावाच्या तोंडाशी धावून येणारी कुत्री, ही तीन भयं ठरलेली. ट्रॅक्टरला घोडे लवकर सरावतात, ताडपत्रीला उशिरा. घरी तबेल्याच्या दारातच एक ताडपत्री टांगून ठेवली की निम्मं काम होतं.

थांबल्यावर जबड्याच्या आतल्या कडेला बोटं ठेवून नाडी पाहावी. आरामात ती मिनिटाला २८ ते ४४ असते. थांबल्यापासून १५ मिनिटांत ६४ च्या खाली आली नाही तर फेरी त्या घोड्याला जास्त झाली, पुढच्या वेळी अंतर कमी करायचं. १९६५ च्या त्याच नियमांत तापमान ३७ अंशांच्या वर जातं त्या भागात दुपारी १२ ते ३ जनावर गाडीला जुंपायला मनाई आहे, आणि दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त, सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. नागपुरात मार्च उजाडला की ३७ चा आकडा लागतोच. आम्ही तर मार्चपासून सकाळी आठनंतर गाडी जोडतच नाही. हौसेच्या गाडीला दुपारच्या उन्हात काढण्यासारखं कुठलंच निकडीचं काम नसतं.

खाण्यात आमच्या भागात दोन गोष्टी घात करतात. एक, गाई-कोंबड्यांचं तयार खाद्य. त्यातल्या काहींत मोनेन्सिन हे औषध असतं. गाईला ते चालतं, घोड्याला थोडंसंही मारक ठरतं. शेजारी गोठा असेल तर पोती वेगळ्या खोलीत ठेवा. दोन, कोवळी हिरवी ज्वारी. तिने विषबाधा होते, आणि सतत चारली तर मागचे पाय लटपटायला लागतात, लघवीचा ताबा जातो. वाळलं गवत, थोडा भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा, खडामीठ आणि भरपूर पाणी एवढं हलक्या कामाच्या घोड्याला पुरतं. नाल दर सहा ते आठ आठवड्यांनी. नालबंद शोधायला वेळ लागतो, म्हणून घोडा घेण्याआधीच त्याच्याशी बोलून ठेवावं. पावसाळ्यानंतर घोड्याची मागची बाजू अचानक ढिली पडली, पाय ओढत चालायला लागला तर कुमरी या रोगाची शंका घेऊन त्याच दिवशी पशुवैद्य बोलवा. पहिल्या दिवसांतच इलाज झाला तर घोडा सावरतो.

गाडी वापरात नसते तेव्हा दांड्या वर करून उभी करायची नाही, त्याने आसामागचं लाकूड वाकतं. दांड्या स्टुलावर आडव्या टेकवायच्या आणि आसाखाली दोन्ही बाजूंना ठोकळे लावून चाकं जमिनीपासून सुटी ठेवायची, पंधरवड्याला थोडी फिरवून. भिजलेल्या सिमेंटच्या फरशीवर चाक महिनोन्‌महिने उभं राहिलं तर पाट्याचा टेकलेला भाग आधी कुजतो. पावसाळ्यापूर्वी तुंब्याच्या तोंडाशी आणि प्रत्येक आऱ्याच्या मुळाशी गरम जवसाचं तेल ब्रशने दोनदा द्यावं. मेअखेरीला पुन्हा हातोडी घेऊन सगळे आरे वाजवावेत. बद्द आवाज आलाच तर चाक पाण्यात न टाकता लोहाराकडे न्यायचं. धाव काढून, पट्टीतून थोडा तुकडा कापून, पुन्हा जोडून तापवून चढवली की चाक आणखी काही वर्षं चालतं. हे काम पाऊस पडायच्या आत उरकायचं, कारण एकदा लाकूड फुगलं की किती कापायचं याचा अंदाज लोहारालाही येत नाही.